चित्र हटवलं, नियमाचं काय?

माझा भाचा बंगळुरूला नोकरी करतो. मागच्या सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेतून कार्डांचा एक डबा निघाला. आईला वाटलं, पोरगा पत्ते खेळायला लागला. तो हसून म्हणाला, "आजी, हा जुगार नाही गं. मॅजिक द गॅदरिंग म्हणतात याला." मग त्याने मला खेळ समजावला. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने तयार केलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. खेळणारे जादूगार असतात, पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा असे पाच रंग असतात, आणि जादूची शक्ती खर्च करून आपापले प्राणी, योद्धे मैदानात उतरवायचे असतात. दर काही महिन्यांनी कार्डांचा नवा संच येतो.

मग तो म्हणाला, "मावशी, तुझ्या कामाचं एक कार्ड दाखवतो." जून १९९४ मध्ये 'लेजंड्स' नावाचा ३१० कार्डांचा संच आला होता. त्यात 'इन्व्होक प्रेज्युडिस' नावाचं एक कार्ड होतं. म्हणजे पूर्वग्रहाला आवाहन. चित्रात टोकदार टोप्या आणि झगे घातलेल्या आकृत्या, हातात कुऱ्हाड. अमेरिकेत काळ्या माणसांना जिवंत जाळणाऱ्या, झाडाला लटकवणाऱ्या कू क्लक्स क्लानची आठवण व्हावी असं ते चित्र. कार्डाचा रंग निळा. आपल्या निळ्याशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगायला नकोच.

मला चित्रापेक्षा त्यावरचा नियम जास्त बोचला. माझ्या मैदानात ज्या रंगाचे प्राणी आहेत, त्यातला एकही रंग तुमच्या नव्या प्राण्यात नसेल, तर तो आत येऊ शकत नाही. आणायचाच असेल तर त्याची किंमत पुन्हा एकदा मोजा. म्हणजे दुप्पट.

मित्रांनो, हा नियम मी खेळाच्या आधी जगून घेतला आहे. एम.ए.साठी पुण्यात खोली शोधत होते. घरमालकांनी दोन महिन्यांचं डिपॉझिट सांगितलं. पैसे द्यायला गेले तेव्हा आडनाव विचारलं. ते सांगितल्यावर डिपॉझिट चार महिन्यांचं झालं. त्यांनी मला नाही म्हटलं नाही, शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. फक्त किंमत वाढवली. मी ती भरली, कारण कॉलेज आठवड्यावर आलं होतं.

हे कार्ड २६ वर्षं कंपनीच्या अधिकृत यादीत होतं. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडला मारलं, अमेरिका पेटली, आणि त्याच जूनमध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने सात कार्डांची चित्रं आपल्या यादीतून काढली, स्पर्धांमध्ये त्यांच्यावर बंदी घातली. सातपैकी चार एकट्या 'लेजंड्स'मधली. त्यात 'प्रदेश जिप्सीज' हेही होतं. रोमा लोकांना हिणवणारा 'जिप्सी' शब्द, आणि त्याला जोडलेला आपला 'प्रदेश'. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्या आपल्या भटक्या-विमुक्त भावंडांना ही हिणवणूक वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

भाच्याने विचारलं, "मग बंदी बरोबर ना?"

बरोबरच. "खेळात राजकारण कशाला?" असं म्हणणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे. ते कार्ड छापताना राजकारण नव्हतं का? १९९४ साली ज्या टेबलावर ते मंजूर झालं, तिथे हे चित्र पाहून ज्याच्या पोटात गोळा आला असता असा माणूस बसलेला असता, तर २६ वर्षं लागली असती का? प्रतिनिधित्व म्हणतात ते हेच.

पण बंदीवर समाधान मानू नका. त्याच २०२० च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय आहे, त्याचं स्वागतच. पण पाटी बदलली म्हणजे वस्तीची जागा बदलत नाही. गावाच्या कडेला होती ती कडेलाच राहते. नळाला पाणी शेवटी येतं ते शेवटीच येतं.

खेळात आणि जातीत एक मोठा फरक आहे. खेळात नियम दोघांनी आधी मान्य केलेले असतात, ते कार्ड दोघांपैकी कुणीही वापरू शकतो, आणि डाव संपला की कार्डं पुन्हा पिसली जातात. जातीत कार्डं जन्माने वाटली जातात आणि कधीच पिसली जात नाहीत. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृती जाळली, पण ते तिथे थांबले नाहीत. आयुष्यभर ते नियम बदलायला झटले, आणि संविधानातून अस्पृश्यता हा गुन्हा ठरला.

म्हणून पाटी बदलली की पेढे जरूर वाटा. दुसऱ्या दिवशी मात्र वही घेऊन बसा. आपल्या पोरांना कुठे कुठे दुप्पट किंमत मोजावी लागते ते लिहा. खोलीत, मुलाखतीत, वसतिगृहात, बँकेच्या कर्जात. त्या यादीची पहिली ओळ मी लिहिली आहे. पुढची तुमची.

जयभीम!