सुई कुठे टोचायची?

पीएसए या प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीच्या आकड्यानं माणूस जितका हबकतो, तितकं तो आकडा सांगत मात्र नाही. चतुर्थीला मालवणात घरी गेलो की कुणी ना कुणी पिशवीतून रिपोर्ट काढून पुढ्यात ठेवतोच. "डॉक्टरांनू, आकडो चाराच्या वर गेलो हा. म्हणजे कॅन्सरच मां?" तसं नसतं. वयानं प्रोस्टेट वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, तरी पीएसए चढतो. आणि कॅन्सर असलाच, तरी आम्हा रेडिओलॉजिस्टांपुढचा खरा सवाल वेगळा: हा गप्प बसणारा आहे की पसरणारा?

गप्प बसणारे बरेच असतात. ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेले १,६४३ पुरुष होते. कुणाला शस्त्रक्रिया, कुणाला रेडिएशन, कुणावर नुसती देखरेख. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरनं दगावलेले तीन टक्क्यांच्या आसपासच.

आक्रमकता ठरते ती पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली, ग्लीसन स्कोअरवर: सहा म्हणजे सौम्य, दहा म्हणजे सर्वांत वाईट. पण बायोप्सीची सुई चुकीच्या जागी शिरली, तर आठचा कॅन्सर राहतो बाजूला आणि हाती येतो सहाचा तुकडा. म्हणून सुईआधी चित्र हवं.

पहिलं चित्र एमआरआयचं. कॅन्सरमध्ये पेशी इतक्या दाटीनं बसतात की पाण्याच्या रेणूंना हलायला जागा उरत नाही. आंगणेवाडीच्या जत्रेत देवीच्या रांगेत उभं राहिलेल्याला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. डिफ्युजन एमआरआय हीच कोंडी मोजतो. कोंडी जितकी घट्ट, तितका नकाशावरचा डाग काळा, आणि ग्रेड वरची असण्याची शक्यताही तितकी जास्त. त्यावरून आम्ही एक ते पाच गुण देतो. पाच दिले की झोप लागते, पंचाईत तीनची.

दुसरं चित्र पीएसएमए पेटचं. पीएसएमए हे प्रोस्टेटच्या पेशींवरचं प्रथिन. कॅन्सरमध्ये ते वाढतं, आक्रमक कॅन्सरमध्ये बहुधा आणखी. त्याला चिकटणाऱ्या रेणूवर किरणोत्सारी गॅलियम-६८ बसवून शिरेतून देतात आणि तासाभरानं स्कॅन करतात. लाळग्रंथी आणि मूत्रपिंडं यात चकाकतातच. नातेवाईक तेच बघून घाबरतात. आमची नजर असते मूत्राशयाच्या खाली. न्यूक्लिअर मेडिसिनचा सहकारी आणि मी एकाच स्क्रीनसमोर बसून एक चित्र दुसऱ्यावर चढवतो. एमआरआयवरचा तीन गुणांचा मळकट डाग आणि पेटवरचा लखलखीत ठिपका नेमके एकावर एक बसले, की यूरोलॉजिस्टला सांगता येतं: सुई इथेच.

ऑस्ट्रेलियातल्या २०२१च्या 'प्रायमरी' अभ्यासात २९१ पुरुषांवर हे तपासलं. नुसत्या एमआरआयनं महत्त्वाचे ८३ टक्के कॅन्सर पकडले, दोन्ही मिळून ९७ टक्के. मात्र खोट्या घंटाही वाढल्या, आणि काही आक्रमक गाठी पीएसएमए दाखवतच नाहीत. म्हणून सरसकट सगळ्यांना दोन्ही स्कॅन लिहून देणं मला पटत नाही. एमआरआय संदिग्ध असेल किंवा कॅन्सर बाहेर पडल्याची शंका असेल, तर पेटचे पैसे सार्थकी लागतात. पेटचा वापर सुईपुरताच नसतो. परळच्या टाटा मेमोरियलनं २०२१मध्ये जास्त जोखमीच्या २२४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांचा आजार कितपत पसरलाय हे पीएसएमए पेटनं बघितलं होतं. फक्त प्रोस्टेटला रेडिएशन दिलेल्यांत पाच वर्षांनी ८१ टक्क्यांचा आजार काबूत होता; ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही दिलेल्यांत ९५ टक्क्यांचा.

आमच्या सिंधुदुर्गाची अडचण वेगळी. गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मा होतो. मुंबईहून रेल्वेनं कुडाळला पोचेपर्यंत तो नावापुरताही उरणार नाही. औषध रुग्णाकडे येत नाही, रुग्णानंच मोठं शहर गाठावं लागतं. घरचं एक माणूस सोबत, चार दिवसांचा खाडा, राहण्याचा खर्च. एवढं करून जायचं, तर क्रम चुकवू नका. एमआरआय बायोप्सीच्या आधी करून घ्या. बायोप्सीनंतर आत साकळलेलं रक्त चित्र बिघडवतं. बायोप्सी आधीच झाली असेल, तर एमआरआयला सहा-आठ आठवडे थांबता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि निघताना नुसता रिपोर्टाचा कागद नको, चित्रांची सीडीही पिशवीत टाका.