जामीन

परवां संध्याकाळीं आमचे एक जुने विद्यार्थी घरीं आले. परदेशांतील खोट्या नोकरीच्या आमिषानें माणसें पाठविल्याच्या आरोपावरून त्यांच्या धाकट्या भावास अटक झाली असून, जामिनाचा अर्ज कल्याणच्या सत्र न्यायालयापुढें आहे. "सर, आपण जामीन राहिलांत तर फार उपकार होतील," असें ते म्हणाले. आम्हीं चहा मागविला आणि उत्तर दुसऱ्या दिवसावर ढकललें.

याला कारण होतें. फिर्यादी मुलगाही उल्हासनगरांतील आमच्याच कॅम्प नंबर एकमधला. येथील लष्करी बराकींत फाळणीनंतर निर्वासितांनीं संसार थाटले. बराकी बदलल्या, पण दाटी तीच राहिली. आरोपी आणि फिर्यादी यांच्यामध्यें अंतर चार बिऱ्हाडांचें.

२०२४ च्या दिवाळीपूर्वीं या मुलाची आई नेमणुकीचें इंग्रजी पत्र घेऊन आमच्याकडे आली होती. बँकॉकमध्यें संगणकाचें काम, राहणें-जेवणें फुकट. आम्हीं चष्मा लावून पत्र वाचलें, एका शब्दयोगी अव्ययाची चूक दाखविली, आणि "बाकी पत्र चोख आहे" असा निकाल दिला. पाठविणाऱ्या दलालाची १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टाप्रमाणें नोंदणी आहे काय, हा साधा प्रश्न आमच्या पदवीला सुचला नाहीं. मुलाला नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागांत नेलें, पासपोर्ट काढून घेतला, आणि अनोळखी माणसांना संगणकावरून लुबाडण्याच्या कामास जुंपलें. मार्च २०२५ मध्यें सरकारनें थायलंडमधील मे सोत येथून विमानांनीं ५४९ भारतीय परत आणले. त्यांत तो होता.

जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, हें न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं १९७७ सालीं मांडलेलें सूत्र आम्हांस आजही मान्य आहे. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे. मुलगा आपखुशीनें गेला, असें आरोपीचा वकील म्हणेल. परंतु भारतीय न्याय संहितेचें १४३ वें कलम अशा व्यवहारांत पीडिताच्या संमतीला महत्त्व देत नाहीं. आरोपी पळेल काय, साक्षीदारास दटावील काय, हे प्रश्न मात्र उरतातच. एप्रिल २०२५ मध्यें बालकांच्या विक्रीच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें आरोपींचे जामीन रद्द केले, आणि बालकांच्या व्यापाराचे प्रलंबित खटले सहा महिन्यांत संपवावे असेंही बजावलें. या दुसऱ्या गोष्टीचें मोल आम्हांस अधिक वाटतें. खटला रेंगाळला कीं कोठडींतला आरोपी आणि चार बिऱ्हाडें पलीकडचा साक्षीदार, असे दोघेही बंदिवान होतात.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या गृहस्थांना सांगितलें, "पासपोर्ट जमा करून, या वस्तीबाहेर राहण्याच्या अटीवर तुमच्या भावाला न्यायाधीशांनीं सोडलें, तर आमची तक्रार नाहीं. परंतु जामीन राहण्यास आम्ही मोकळे नाहीं. त्या मुलाच्या आईला आम्ही आधींच जामीन राहिलों होतों." ते कांहीं बोलले नाहींत.

त्याच रात्रीं ती बाई वकिलानें दिलेला एक इंग्रजी कागद घेऊन आली. "सर, एवढें वाचून सांगा." राग नाहीं, टोमणा नाहीं. आम्हीं कागद दोनदां वाचला, आणि जें कळलें नाहीं तें कळलें नाहीं असें सांगून, सकाळीं तिच्याबरोबर वकिलाकडे जाण्याचें कबूल केलें.