आतून लावायचं, बाहेरून वाचायचं

दुकानाच्या काचेवर आतून लावलेली अक्षरं ज्याच्या पैशातून होतात, त्यालाच ती कायम उलटी दिसतात. मालक गल्ल्यावर बसून स्वतःचं नाव उफराटं बघतो, आणि ते सुलट वाचतो बससाठी खोळंबलेला कुणीतरी परका. स्टिकरच्या धंद्यात याहून निःस्वार्थी काम मला माहीत नाही.

तरी लोक आतूनच मागतात, आणि त्यांचं बरोबर आहे. बाहेरच्या स्टिकरवर पाऊस पडतो, रोज सकाळी पोऱ्याचा वायपर फिरतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नखं कडा उचकटतात. आत यातलं काही नाही. उन्हातला रंग उडवणारा बराचसा भाग काच अडवते, म्हणून रंगही जास्त टिकतात.

नव्या पोराला वाटतं, कोरल ड्रॉमध्ये अक्षरं उलटी केली की काम संपलं. ते तर एका क्लिकचं. खरी गोम गोंदात आहे. आतून लावलेलं विनाइल बाहेरचा माणूस गोंदाच्या बाजूने बघतो. स्वस्त विनाइलला, विशेषतः पांढऱ्याला, मागचं दिसू नये म्हणून करडा गोंद लावलेला असतो. रोल हातात शुभ्र, काचेआड गेला की राखाडी. अशा कामाला गोंद पारदर्शक आणि रंग दोन्ही अंगांनी सारखा, असंच विनाइल लागतं. रेडियमचा तर प्रश्नच येत नाही. त्याची चमक पुढच्या बाजूने पडलेला प्रकाश परत फेकण्यात आहे. मागून तो निव्वळ मळका पत्रा. "रेडियमच लावा, पण आतून" म्हणणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं येतंच.

दोन रंग असले की डोकंही उलटं चालवावं लागतं. लाल अक्षराला पिवळी किनार हवी असेल तर बाहेरच्या कामात आधी पिवळं, वर लाल. आतून मात्र आधी लाल, मग त्याच्या पाठीवर पिवळं. पारदर्शक विनाइलवर छापायचं तर आधी उलटं चित्र आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्या शाईचा थर. तो वगळून पैसे वाचवले तर दिवसा दुकानातला अंधार चित्रातून आरपार दिसतो आणि रंग मरतात.

उलट्या क्रमाची ही युक्ती आमची नव्हे. अठराव्या शतकात काचेच्या पाठीवर रंगवलेली चित्रं चीनहून समुद्रमार्गे आपल्याकडे आली, इथल्या चित्रकारांनी ती विद्या उचलली, तंजावरला तर देवादिकांच्या काचचित्रांची परंपराच झाली. पुण्यात केळकर संग्रहालयात गेलात तर अशा चित्रांपुढे जरा रेंगाळा. कागदावरचा चित्रकार आधी चेहरा भरतो आणि शेवटी डोळ्यांत बाहुल्या घालतो. काचेवाल्याला बाहुली, नथीतला मोती, दागिन्यांच्या रेघा आधी काढाव्या लागत. मग अंगाचा रंग, मग वस्त्रं, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. चुकलेल्या रेघेवर वरून रंग फिरवून ती झाकायची सोय नाही, कारण पहिली रेघच सगळ्यांच्या पुढे असते. आमच्याकडे निदान कॉम्प्युटर आहे. त्यांनी ते हातानं कसं जमवलं असेल याचा मला अजून अचंबा वाटतो.

देवनागरीची गंमत मात्र कुठल्याही मशीनच्या माहितीपत्रकात सापडायची नाही. आमच्या जुन्या फॉन्टांत शेजारशेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या वेल्ड करून एकजीव केल्या नाहीत तर प्लॉटरचं पातं प्रत्येक जोडावर कापत जातं आणि शब्दाचे तुकडे होतात. नीट वेल्ड केलं तर अख्खा शब्द एका तुकड्यात उचलला जातो, जे सुख इंग्रजीत नाही. अनुस्वार तेवढा एकटा. नको असलेलं विनाइल सोलताना तो त्याच्याबरोबर निघून जातो आणि 'आनंद'चा 'आनद' होतो.

आणि वेलांट्या! पहिली वेलांटी आरशात धरा, ती हुबेहूब दुसरी दिसते. उकारांचंही जवळपास तेच. त्यामुळे 'मिठाई' आतून बघणाऱ्याला 'मी' दीर्घ वाटतो आणि तो व्याकरणाची तक्रार घेऊन येतो. म्हणून माझा नियम कडक आहे: शुद्धलेखन तपासायचं ते फाइल उलटी करण्याआधी, गिऱ्हाइकाची सही घेऊन. उलट्या फाइलवर मुद्रितशोधन करणारा माणूस ऱ्हस्वाला दीर्घ समजून बरोबर असलेलं 'सुधारतो'.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात दुकानांचा कायदा बदलला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली; मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालेनाशी झाली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आम्हाला जेवायला फुरसत नव्हती. पाट्यांबरोबर काचाही मराठी झाल्या. काही ठिकाणी घाईत कापलेली अक्षरं बघवत नाहीत, पण ती मोठी आहेत हे खरं.

लावण्याबद्दल थोडक्यात: काच ब्लेडने खरवडून साफ, साबणाच्या पाण्याचा फवारा, मधून कडेकडे रबरपट्टी. पावसाळ्यात पाणी सुकायला वेळ लागतो, अक्षरं धरून ठेवणारी ट्रान्स्फर टेप ओढायची घाई नको. गाडीच्या मागच्या काचेवर आतून डिफॉगरच्या रेघा असतील तर तिथे ब्लेड लावू नका. उन्हातल्या मोठ्या काचेवर आतून पसरून काळं विनाइल चिकटवणं मी टाळतो. ते तापतं, काच सगळीकडे सारखी तापत नाही आणि साधी काच तडकू शकते.

आता तुम्हाला दुकानाचं काम करून घ्यायचं असेल तर एवढं करा. बारा मिमीच्या साध्या काचेत पांढरा रंग किंचित हिरवट दिसतो, त्याला इलाज नाही. पण काच रंगीत किंवा आरशासारखी असेल तर भर दुपारी कुणाला तरी आतून काचेला पांढरा कागद टेकवून धरायला सांगा आणि स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन बघा. कागद दिसला नाही तर अक्षरंही दिसणार नाहीत. मग आतूनचा हट्ट सोडा आणि सरळ बाहेरून लावून घ्या.