पावसाच्या गावातला बदामाचा केक

स्पेन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रणरणतं ऊन येतं. पण त्याच देशाच्या वायव्य टोकाला गालिसिया नावाचा एक प्रांत आहे, तो थेट आपल्या कोकणाचा मावसभाऊ शोभावा! हिरवागार, डोंगराळ, समुद्रकाठचा आणि भरपूर पावसाचा. त्याची राजधानी सांतियागो दे कॉम्पोस्तेला. जुनं गाव सगळं ग्रॅनाइटच्या दगडात बांधलेलं. सर येऊन गेली की फरसबंद गल्ल्या नुकत्या धुतलेल्या पाट्यासारख्या लखलखतात. काही रस्त्यांना दोन्ही बाजूंनी दगडी कमानींचे ओटे आहेत, त्यांच्या आडोशानं गेलं की छत्री उघडायचंही काम नाही.

हे यात्रेचं गाव. ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी संत याकोब यांची समाधी इथल्या कॅथेड्रलमध्ये आहे अशी श्रद्धा, आणि तिच्या दर्शनाला हजार वर्षांहून अधिक काळ माणसं चालत येताहेत. फ्रान्सच्या सरहद्दीपासून निघालं तर वाट जवळजवळ आठशे किलोमीटरची. पाठीवर बोचकं, बोचक्याला बांधलेला शिंपला, हातात काठी. २०२३ साली चार लाखांहून जास्त यात्रेकरूंची नोंद इथं झाली. कॅथेड्रलपुढच्या चौकात ही मंडळी पोचतात, बोचकं खाली टाकतात आणि ओल्या फरशीवरच बसकण मारतात. पाय सुजलेले, चेहरे मात्र उजळलेले. पंढरपूरची वारी पाहिलेल्या बाईला या चेहऱ्यांची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही.

मी मात्र तिथं चालत नाही हो, माद्रिदहून आगगाडीनं गेले! बरोबर आमचे हे आणि माझी पुतणी. ती नोकरीनिमित्त तिकडे राहते. तिला लहानपणापासून सीलिअ‍ॅकचा आजार आहे. म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांत जे ग्लुटेन असतं ते पोटात गेलं की लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते. यावर औषधाची गोळी नाही. ग्लुटेन आयुष्यभर, अगदी कणभरही, टाळायचं एवढाच उपाय. कणीक वर्ज्य, मैदा वर्ज्य, रवा वर्ज्य.

घरच्या जेवणात त्याचं फारसं अडत नाही. आपल्याकडे भात आहे, ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी आहे. अडतं ते सणासमारंभाला. वाढदिवसाचा केक कापला की "तू थांब हं, तुझं वेगळं आहे." लग्नाच्या पंगतीत पुरी आली की "तिला नको, तिचं वेगळं." वेगळं म्हणून हातात यायचा राजगिऱ्याचा लाडू. लाडू वाईट नसतो हो, पण सगळी पोरं केक खात असताना एकटीनं लाडू खाणं त्या वयात फार जड जातं. ज्या घरात असं मूल आहे, त्या आईला हे वेगळं सांगायला नको.

सांतियागोच्या गल्ल्यांतून हिंडताना मिठाईच्या जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या काचेआड एकच केक दिसतो. गोल, बसका, वर पिठीसाखरेची पांढरी शाल आणि मधोमध तलवारीसारख्या क्रूसाची तपकिरी आकृती. हाच 'तार्ता दे सांतियागो', सांतियागोचा केक. ती आकृती काढण्याची युक्ती आपल्या रांगोळीच्या छापाची सख्खी बहीण. कागदाचा क्रूस कापून केकवर ठेवायचा, वरून चाळणीनं साखर भुरभुरायची आणि कागद अलगद उचलायचा. असा क्रूस उमटवायला १९२४ साली इथल्या 'कासा मोरा' या दुकानानं सुरुवात केली असं सांगतात. केक मात्र त्याहून कितीतरी जुना. १५७७ सालच्या उल्लेखात तो 'तोर्ता रेआल', म्हणजे शाही केक, या नावानं येतो.

शाही का, तर बदामामुळे. बदामाच्या झाडाला कोरडी हवा आणि ऊन लागतं. या पावसाळी मुलखात बदाम यायचे ते लांबून आणि महाग. तेव्हा हा केक मेजवानीचा. त्यात बदाम, साखर, अंडी आणि वासाला लिंबाची साल, कधी जरा दालचिनी. मैद्याचं नाव नाही! २०१० साली युरोपीय संघानं या केकच्या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं. त्याच्या नियमांप्रमाणे त्यात निदान ३३ टक्के बदाम असायलाच हवेत.

तरी पुतणीनं दुकानात विचारून घेतलंच. काही ठिकाणी याच केकच्या तळाला मैद्याची पारी घालतात, काही जण भांड्याला तूप लावून वर मैदा भुरभुरतात. काउंटरमागची बाई म्हणाली, "केकमध्ये पीठ नाही, पण याच भट्टीघरात आमचे पाव भाजले जातात. तुम्ही हा बंद डबा घ्या." डब्यावर 'सिन ग्लुतेन' अशी अक्षरं होती, म्हणजे ग्लुटेनविरहित. युरोपात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल तर ही अक्षरं छापता येत नाहीत.

कॅथेड्रलच्या मागच्या चौकात, दगडी पायऱ्यांवर बसून आम्ही तो डबा उघडला. समोरच सान पेलायो या जोगिणींच्या मठाची भिंत. तिथल्या जोगिणीही बदामाची बिस्किटं आणि केक विकतात, पण त्या कुणाला दिसत नाहीत. भिंतीत लाकडी फिरता कप्पा आहे. त्यात पैसे ठेवायचे, कप्पा फिरतो आणि मिठाई बाहेर येते!

केकचा पहिला घास घेतला आणि आमचे हे म्हणाले, "ही तर आपली बदामबर्फीच की, जरा फुललेली!" पुतणी हसली. मग म्हणाली, "काकू, तू एक पाहिलंस का? इथं माझ्यासाठी काही वेगळं मागवावं लागलं नाही. सगळं गाव जे खातं तेच मी खातेय."

मला ते फार लागलं. आपण पथ्याचं करतो तेव्हा मूळ पदार्थाची नक्कल करायला जातो आणि ती नक्कल मुलाच्या हातात ठेवतो. हा केक कुणाची नक्कल नाही. उपासाला शिंगाड्याच्या पिठाचा शिरा करताना 'रव्याच्या ऐवजी' असं आपण कुठे म्हणतो? तो शिंगाड्याचा शिरा, आणि घरातलं उपास नसलेलं माणूसही वाटी पुढे करतं. वल्हांडणाच्या सणात फुगणारं पीठ वर्ज्य असतं म्हणून ज्यूंच्या घरांतही बदाम-अंड्यांचे केक होतात, तेही सगळ्या घरासाठीच.

आता कृतीकडे वळू. पण मैत्रिणींनो, नेहमीच्या केकमधला मैदा काढून तेवढीच बदामपूड घालायला जाऊ नका. मैद्यातलं ग्लुटेन भिजल्यावर जाळं विणतं आणि हवा धरून ठेवतं. बदामात ते नाही, उलट त्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. म्हणून इथं केक सावरून धरायचं काम अंडी करतात, आणि लोणी घालावंच लागत नाही.

पाव किलो बदाम उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून सोला आणि पंख्याखाली चांगले सुकवा. ओलसर राहिले तर पुडीचा गोळा होतो. पाव किलो साखरेतली दोन मोठे चमचे साखर बदामात घालून मिक्सर थांबत थांबत फिरवा, एकसारखा फिरवला तर तेल सुटतं. पाच अंडी आणि उरलेली साखर फिकी होईतो फेसा. त्यात एका लिंबाची किसलेली साल, चिमूट दालचिनी आणि बदामपूड हलक्या हातानं मिसळा. तळाला कागद घातलेल्या नऊ इंची भांड्यात १७० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं भाजा. केक फार फुगत नाही, मधे किंचित बसतो, तो त्याचा स्वभावच. पूर्ण निवल्याशिवाय भांड्यातून काढू नका, नाहीतर तुटेल. दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

बदामाचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर उपाय आपल्याच किनाऱ्यावर सापडतो. पोर्तुगीजांबरोबर आलेलं मार्झिपान मूळचं बदामाचं, पण गोव्यातल्या बायका ते काजूचं करू लागल्या. या केकलाही काजूची पूड चालते. काजू तुकडा घेतला तर तो अख्ख्या काजूपेक्षा स्वस्त पडतो.

घरात सीलिअ‍ॅकचं माणूस असेल तर मिक्सरचं भांडं आणि चाळणी कणकेच्या पिठाला न लागलेली घ्या. सुकामेवा सोसत नाही असं कुणी असेल तर हा केक त्यांच्यासाठी नाही. बाकी सगळ्यांना मात्र एकाच केकचे तुकडे द्या. आणि पथ्याच्या मुलाला तो 'तुझ्यासाठी केलाय' असं सांगू नका. नुसतं 'आज केक केलाय' म्हणा.