अठ्ठावीस दिवसांचा महिना

२०२१ च्या उन्हाळ्यात माझा जुना लॅपटॉप बंद पडला. जयपूरच्या दुकानदाराने नवा पुढे केला, त्याच्या कडेला सिमकार्डासाठी खाच होती. "मॅडम, ना वायर, ना वाय-फाय. जहाँ बैठो, वहीं इंटरनेट!" किंमत काही हजारांनी जास्त होती, पण माझ्या डोक्यात हिशोब सुरू झाला. घरच्या वायरच्या ब्रॉडबँडला महिना सातशे जात होते. सिमचा रिचार्ज १९९ चा, रोज दीड जीबी. मी वायर काढून टाकली. "घाई करू नकोस," असं हे म्हणाले होते, तेही इथे कबूल करते.

पहिला फटका बसला तो २८ दिवसांच्या महिन्याचा. म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज! शिवाय आजचा उरलेला डेटा रात्री बाराला बुडीत खाती जमा. शिळी पोळी निदान सकाळी फोडणीला घालता येते. कामाच्या दिवशी मात्र दीड जीबी दुपारीच संपायचा. मग मी फोनचा हॉटस्पॉट लावायची. लॅपटॉपला ते घरचं वाय-फायच वाटे आणि तो मोठमोठे अपडेट बिनदिक्कत उतरवून घेई. आपल्या सिमवर तो मोजून वागतो. हॉटस्पॉटलाही सेटिंगमध्ये 'मीटर्ड' अशी खूण करावी लागते, हे मला दोनदा फोनचा कोटा गमावल्यावर कळलं.

तरी हे सारं पैशांचं होतं.

२०२० च्या टाळेबंदीत बाबा गेले, तेव्हा मला साताऱ्याला पोचता आलं नाही. पुढच्या वर्षी पितृपक्षातल्या श्राद्धालाही रजा मिळाली नाही. भाऊ म्हणाला, "ताई, व्हिडिओवर बस." तो रविवार होता, २६ सप्टेंबर २०२१. सकाळी लॅपटॉप उघडला तर इंटरनेट नाही. फोनवरही नाही. त्या दिवशी राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षा होती आणि कॉपी होऊ नये म्हणून जयपूरसह अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवलं होतं. (पेपर फुटलाच. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यातली एक परीक्षा रद्द झाली.)

साधे फोन चालू होते. भाऊ विचारत होता, "दिसत का नाहीस? गुरुजी आलेत." मला लहानपणीचा एसटीडी बूथ आठवला. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून बाबा मला झोपेतून उठवून आत्याशी बोलायला न्यायचे. मिनिटं मोजत बोलायचे, पण बोलणं व्हायचं.

शेजारच्या भाभीजींकडे वायरचं इंटरनेट होतं. ते चालू होतं. त्यांनी काही न विचारता पासवर्ड सांगितला, जेवणाच्या टेबलावरची भाजी बाजूला सारली आणि नातवाला टीव्ही बंद करायला लावला. पडद्यावर आईने पान कॅमेऱ्यासमोर धरलं, त्यात बाबांच्या आवडीची गवारीची भाजी होती. भाभीजी माझ्या मागे डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. त्यांना मराठी येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी वायर परत जोडून घेतली. सिम अजून लॅपटॉपमध्ये आहे, साताऱ्याच्या प्रवासात उपयोगी पडतं. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीचा तोच रिचार्ज २९९ ला पडू लागला, म्हणून आता प्रवासापुरताच टाकते. परवा भाभीजींचं इंटरनेट बंद पडलं. त्यांचा नातू वही घेऊन आमच्याकडे आला होता.