साडेतीनची दिवेलागण

डिसेंबरात कोपनहेगनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेचार वाजायच्या आत मावळतो. मधल्या सात तासांतही तो दिसेलच असं नाही. आभाळ बहुधा गच्च भरलेलं असतं आणि उजेड नेमका कुठल्या दिशेने येतोय ते उमगत नाही. सोलापूरच्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. आमच्याकडे ऊन ही टाळायची गोष्ट. मार्च लागला की दुपारी दारं-खिडक्या लोटून घ्यायच्या, वाळ्याचे पडदे भिजवायचे, रस्त्याने जायचंच झालं तर सावलीची कड धरायची. मी शिकायला इथे आले ती ऑगस्टात, तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले तरी लख्ख दिसत होतं. मग दिवस रोज थोडा थोडा आखडत गेला. डेन्मार्क मला कळू लागलं ते त्या आखडत्या दिवसांत.

इथली माणसं अंधाराशी भांडत नाहीत. दिवस मावळला म्हणून घरभर झगझगाट करत नाहीत. मी नॉरब्रोमध्ये राहते. तिथल्या गल्ल्यांतून संध्याकाळी चालत निघालं की घराघरांत दिवे दिसतात, पण छताला चिकटलेला एक मोठा दिवा क्वचितच. एक जेवणाच्या टेबलावर खाली सोडलेला, एक वाचायच्या खुर्चीशेजारी, एक खिडकीत. मधला अंधार तसाच राहू दिलेला. पडदे पुष्कळदा ओढलेलेच नसतात. कुणी कांदा चिरताना दिसतं, कुणी पोराच्या वहीवर वाकलेलं. रस्त्यावरचे दिवेसुद्धा अनेक ठिकाणी खांबांवर नसून दोन्हीकडच्या इमारतींना ताणलेल्या तारांवर मधोमध लटकतात. वारा सुटला की अख्ख्या गल्लीच्या सावल्या हलतात. त्यांच्याखालून सायकली जातात, पुढे पांढरा दिवा, मागे लाल.

प्राध्यापकांना नुसत्या नावाने हाक मारायची, कडाक्याच्या थंडीत बाळं कॅफेबाहेर बाबागाडीत गाढ झोपलेली असायची, या गोष्टींचं नवल लवकर ओसरलं. उजेडाचं अजून ओसरलेलं नाही.

आमच्या वसतिगृहात स्वयंपाकघर सामायिक आहे. एक डिसेंबरला कुणीतरी लांबच्या टेबलावर एक उंच मेणबत्ती आणून ठेवली. तिच्यावर वरून खाली १ ते २४ आकडे छापलेले. रोज संध्याकाळी ती पेटवायची आणि त्या दिवसाचा आकडा वितळेपर्यंतच जळू द्यायची, नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. तेवढ्या वेळात ज्याचं जेवण तयार असेल तो ताट घेऊन तिथे येऊन बसतो. फार बोलणं होतंच असं नाही. दिवा फुंकून विझवायचा नाही हे माझ्या अंगात लहानपणापासून भिनलेलं, म्हणून मी चमच्याच्या पाठीने ज्योत दाबायची. इतरांनी ते पाहिलं आणि काही न विचारता ते काम माझ्याकडे आलं. आकडा वितळत आला की चमचा माझ्याकडे सरकवला जायचा.

टेबलावर लोंबणाऱ्या दिव्यामागे मात्र एका माणसाचा मोठा विचार आहे. पॉल हेनिंगसेन हा वास्तुविशारद १८९४ मध्ये जन्मला, रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात वाढला. वीज आली तेव्हा उघड्या बल्बची तिरीप त्याला सहन होईना. तिच्याने माणसांचे चेहरे कठोर दिसतात, खोली सपाट होते, असं त्याचं म्हणणं. १९२५-२६ च्या सुमारास त्याने एकाखाली एक अशा तीन छत्र्यांचा दिवा तयार केला. छत्र्यांचा बाक असा की कुठूनही पाहिलं तरी बल्ब डोळ्याला दिसत नाही, आणि उजेड मात्र मऊ होऊन टेबलावर उतरतो. ते दिवे आजही बनतात. आमच्या विद्यापीठाच्या वाचनालयात तसे आहेत. त्यांच्याखाली पानावर हात ठेवला तर सावलीची कडसुद्धा कुठे बोचत नाही. ट्यूबलाइटखाली अभ्यास करून वाढलेल्या मला उजेडाचीही घडण असते हे तिथे पहिल्यांदा दिसलं.

याच हेनिंगसेनवर पुढे उलटं काम आलं. ९ एप्रिल १९४० ला जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये शिरलं आणि देशभर दिवाबंदी लागली. खिडक्यांवर काळे पडदे आले. तेव्हा त्याने तिवोली बागेसाठी असे दिवे केले की उजेड फक्त खाली पडावा, वरून विमानाला काही दिसू नये. त्यामुळे त्या वर्षांतही बाग रात्री उशिरापर्यंत उघडी राहू शकली. पाच वर्षं माणसं काळ्या पडद्यांआड राहिली. ४ मे १९४५ च्या संध्याकाळी बीबीसीच्या डॅनिश बातम्यांत जर्मन शरणागतीची बातमी आली. लोकांनी पडदे ओरबाडून काढले, रस्त्यात जाळले आणि खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. त्या तारखेला आजही कितीतरी घरांच्या खिडक्यांत त्या लावल्या जातात. हे समजल्यापासून इथल्या उघड्या खिडक्यांकडे मी निव्वळ सजावट म्हणून पाहू शकत नाही.

पण एक सांगायला हवं. खिडकी उघडी असली तरी दार सहज उघडत नाही. कुणाकडे जायचं तर दोन-तीन आठवडे आधी ठरवावं लागतं. आमच्याकडे दिवेलागणीला शेजारीण वाटी घेऊन येते, आणि बसते. तो येण्याजाण्याचा उजेड इथे नाही, आणि थंडीच्या दिवसांत त्याची फार उणीव भासते.

मार्चमध्ये ऑर्ड्रुपगार्ड संग्रहालयात विल्हेल्म हॅमरशॉयचं १९०० मधलं एक चित्र पाहिलं. रिकामी खोली, बंद दार, एक खिडकी आणि तिच्यातून तिरका आलेला उन्हाचा पट्टा. त्यात धूळ तरंगतेय. बस, एवढंच. आमच्या माळवदाच्या घरात दुपारी कवडशात नाचणारी धूळ मी लहानपणी तासन् तास पाहिली आहे, पण कुणी ती रंगवावी इतकं तिचं अप्रूप आमच्याकडे कुणाला नव्हतं. आम्हाला ऊन उदंड होतं. शहरात परतले तर राणी लुईसच्या पुलावर माणसं कोट न काढता, डोळे मिटून, सूर्याकडे तोंड करून ओळीने बसली होती. मीही त्यांच्यात जाऊन बसले.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. सोलापुरात घराचं काम चालू आहे आणि दिवाणखान्याच्या छतात बारा एलईडी बसवायचे ठरलेत. मी म्हटलं, "दादा, त्यातले निम्मे कमी कर आणि जेवणाच्या टेबलावर एकच दिवा खाली सोड." तो म्हणाला, "अगं, आईला ताटातलं दिसायला नको का?" आईच्याच ताटावर तो पडेल, भातावर आणि तिच्या हातांवर, असं मी त्याला समजावलं. दिव्याची उंची वाचनालयातल्या दिव्यावरून मोजून कळवली आहे: टेबलापासून साठ सेंटिमीटर वर. इलेक्ट्रिशियन सोमवारी येतोय.