पोलादपूरच्या वाटेवर भेटलेली घोडी

20 मार्चला महाडला जायचे, चवदार तळ्याला वंदन करायचे आणि मग दोन दिवस गावी राहून यायचे, हा आमच्या घरचा जुना नेम आहे. या खेपेला बरोबर दहा वर्षांची नात होती. तळे झाले, महाडजवळची गांधारपाल्याची बौद्ध लेणी झाली. मग पोलादपूरची एस.टी. धरली. अंतर सुमारे 18 किलोमीटर. सावित्री नदी मधूनच दिसते, मधूनच झाडीआड जाते. पोलादपूर जवळ आले तशी खिडकीशी बसलेली नात ओरडली, "आजोबा, घोडा!"

भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात धनगरांचा वाडा उतरला होता. शे-दोनशे मेंढरे आणि बांधाला चार-पाच तट्टे. पोरीने हट्टच धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन तिथे गेलो.

आपल्या मुंबईच्या वाचकांना या वाड्यांची माहिती नसेल म्हणून सांगतो. पावसाळा सरला की घाटावरचे काही धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात. रात्री मेंढरे शेतात बसवतात. शेताला खत मिळते, धनगराला त्याबदली धान्य किंवा पैसे मिळतात. कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही, म्हणून पावसाआधी मंडळी पुन्हा घाटावर जातात. भांडीकुंडी, अंथरुणे, नुकती जन्मलेली कोकरे, कधी लहान मूलसुद्धा, सगळा संसार या तट्टांच्या पाठीवर असतो.

"जयभीम मामा," मी म्हणालो.

"राम राम पाव्हणं, या, बसा." म्हाताऱ्याने घोंगडे पसरले. त्यांच्या घरच्या बाईने चहा टाकला.

"मामा, ही जात कुठली?"

"आमची भीमथडीचीच की. वाडवडलांपासनं हाय. हिला चंदी नको, पागा नको. बांधावरचं गवत खाती आन् डोंगर चढती."

भीमा नदीच्या काठचा मुलूख तो भीमथडी. तिथले हे बुटके, काटक, टणक खुरांचे घोडे. मराठ्यांचे घोडदळ यांच्याच जोरावर लांबलांबच्या मोहिमा करत असे. महाराष्ट्राच्या राज्यगीतातही भीमथडीच्या तट्टांचे नाव आहे. एवढे नाव असूनही सरकारी नोंदीत स्वतंत्र जात म्हणून त्यांना जागा मिळाली ती अगदी अलीकडे. आज आपल्या देशात घोड्यांच्या आठ जातींची अशी नोंद आहे. मारवाडी आणि काठियावाडी, ज्यांच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात. मणिपुरी, जो पोलोच्या खेळात नावाजला. बर्फाच्या मुलखातले स्पिती आणि झंस्कारी, हिमालयाच्या पूर्वेकडचा भुतिया, वाळवंटातला कच्छी-सिंधी आणि आठवा आपला भीमथडी.

नातीला घोडीवर बसायचे होते, पण मन कचरत होते. ती पूर्वी एकदा माथेरानला घोड्यावर बसली होती. तिथे मोटारींना प्रवेश नाही, म्हणून घोडे पुष्कळ. घोडा दुडकी धावला आणि पोरीची हाडे खिळखिळी झाली. तिने ते सांगताच म्हातारा हसला. "बाय, ती दुडकी. आमची म्हातारी रवाल चालती. बसून तर बघ."

रवाल म्हणजे काय ते आपणही समजून घेऊ. दुडकीत घोड्याचा पुढचा एक पाय आणि मागचा विरुद्ध बाजूचा पाय एकदम उचलला जातो. मध्ये क्षणभर चारही पाय अधांतरी असतात. मग अंग खाली आपटते आणि स्वार खोगिरावर उसळतो. रवाल चालीत पाय एकामागोमाग एक पडतात, एखादा तरी पाय जमिनीवर राहतो, त्यामुळे पाठ हलत नाही. दिवसभर रपेट केली तरी कंबर दुखत नाही. मारवाडी आणि काठियावाडी घोडे या चालीसाठी प्रसिद्ध आहेत. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे जाणकार आधी घोडा चालवून दाखवायला सांगतात. परदेशातही अशा चालीच्या घोड्यांचे वेड आहे. आइसलँडच्या घोड्याच्या चालीला तोल्ट म्हणतात. दक्षिण अमेरिकेत पासो फिनो आहे, अमेरिकेत टेनेसी वॉकिंग हॉर्स. 2012 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की अशा चालींमागे घोड्याच्या एका जनुकातला बदल असतो. माणसाची हाव मात्र तिथेही आडवी आली. प्रदर्शनात पाय उंच उचलावेत म्हणून टेनेसीच्या घोड्यांच्या पायांना जखमा करण्याची दुष्ट रीत पडली. ती रोखण्यासाठी अमेरिकेला 1970 साली कायदा करावा लागला.

बाईने नातीला उचलून घोडीवर बसवले. म्हाताऱ्याने दोर धरला. पोरगी आधी आयाळ घट्ट धरून होती. दहा पावलांवर तिने एक हात सोडला. परत आली ती हसतच. "आजोबा, पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. आता तुम्ही बसा."

मी गप्प झालो. कारण सांगतो.

माझ्या वडिलांच्या लग्नात त्यांच्या मामाने हौसेने घोडा आणला होता. वरात नवरीच्या गावाच्या वेशीपाशी आली तेव्हा चार माणसे आडवी आली. नवरदेवाला खाली उतरायला सांगितले. मारामारी नको म्हणून वडील उतरले आणि मांडवापर्यंत चालत गेले. गावाचे नाव लिहीत नाही, ती माणसेही आता नाहीत. पण वडील पुन्हा कधी घोड्यावर बसले नाहीत. आणि का कोण जाणे, मीही बसलो नाही.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. 2018 साली गुजरातमध्ये भावनगर जिल्ह्यात हौसेने घोडा पाळणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. घोड्यावर बसू नको अशा धमक्या त्याला येत होत्या, असे त्याच्या घरच्यांनी सांगितले. आजही कुठे कुठे दलित नवरदेवाच्या वरातीला पोलीस बंदोबस्त लागतो. खुद्द बाबासाहेबांनी 1929 सालचा चाळीसगावचा प्रसंग लिहून ठेवला आहे. टांगेवाल्याने टांगा दिला, पण अस्पृश्याचा टांगा हाकणार नाही म्हणाला. मग वस्तीतल्याच एका माणसाने लगाम धरले. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, घोडा आणि टांगा नदीत कोसळला. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ज्याच्या हाती लगाम कधी येऊच दिला नाही, त्याला तो धरता यावा कसा?

घोड्याची चाल त्याच्या रक्तात असते, हे शास्त्र सांगते. पण घोड्यावर कोणी बसायचे आणि कोणी खालून चालायचे, हे कुणाच्या रक्तात नसते. ते माणसांनी ठरवलेले असते, म्हणून माणसांना मोडताही येते. पाण्याची गोष्ट वेगळी कुठे होती? महाडला 1927 साली तेच तर मोडले.

"आजोबा, घाबरलात?" नात म्हणाली.

म्हातारा म्हणाला, "पाव्हणं, अंगानं बारीक हायसा. घोडीला वझं न्हाई व्हायचं. बसा."

मी बसलो. घोडी चालू लागली. पाठ खरोखरच हलत नव्हती. शेताच्या कडेच्या वडापर्यंत गेलो आणि परत आलो. दोर नातीच्या हातात होता. समोरून गावचे दोघेजण सायकलवर आले. त्यांनी हात वर करून विचारले, "काय आजोबा, कुठवर?"

उतर म्हणून कोणी सांगितले नाही.

घरी आल्यावर नातीने वडिलांच्या तसबिरीसमोर उभे राहून ही हकिकत मोठ्याने सांगितली. मी दारातूनच ऐकत होतो.